पंच नसलेला खेळ

देव नाही असे एकदा ठरले, तर मग माणसाने चांगले का वागावे? हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी विचारला गेला आहे. सभेत विरोधकाने विचारला तर उत्तर देणे सोपे असते. त्याचा हेतू आपल्याला ठाऊक असतो, आपले उत्तर तयार असते आणि टाळ्या वाजविणारी माणसेही आपलीच असतात. परंतु हाच प्रश्न जवळचा मित्र मनात कोणतीही खोट न ठेवता विचारतो, तेव्हा पाठ केलेली उत्तरे कामास येत नाहीत. मित्राला गप्प करून काय मिळवावयाचे? त्याला पटले पाहिजे, आणि न पटले तरी निदान आपण काय म्हणतो ते त्याला नीट समजले पाहिजे.

शाळा सुटल्यावर आम्ही चौघे सहकारी मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसतो. त्यांतील एक क्रीडाशिक्षक आहेत. तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेले. पक्के वारकरी, आषाढीला रजा टाकून पायी पंढरपूरला जाणारे. शाळेतल्या गरीब पोरांची फी स्वतःच्या पगारातून भरणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दुसऱ्या विज्ञान शिकविणाऱ्या बाई. तिसरा कचेरीत काम करणारा तरुण, तो आपल्याच समाजातला. बोलणे आदल्या रात्रीच्या सामन्यावरून सुरू होते, कोणाचे लग्न कोठे अडले यावर येते आणि पुष्कळदा देव आहे की नाही येथे येऊन थांबते. एकदा क्रीडाशिक्षक म्हणाले, ‘मैदानावरून पंच काढून घ्या आणि मग बघा. जो तो आपलेच खरे करील. जगाचेही तसेच आहे. वरून कोणी बघतो आहे म्हणून माणसे ताळ्यावर आहेत.’

दृष्टान्त खेळाडूने दिला होता, तेव्हा त्याची परीक्षाही मैदानावरच व्हावी हे योग्य. त्या निमित्ताने जो विचार झाला तो येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, पंचाशिवाय खेळ चालत नाही हे खरे नाही. जगात रोज जेवढा खेळ खेळला जातो त्यातला बहुतेक पंचाशिवायच खेळला जातो. गल्लीतला विटीदांडू, लगोरी, गोट्या, पाठीमागच्या बोळातले क्रिकेट यांना पंच कोठून आणणार? तेथे मुलेच नियम ठरवितात. समोरच्या कौलांवर चेंडू गेला तर बाद. भिंतीला लागून टप्पा पडला तर दोनच धावा. लहान भाऊ बरोबर आला असेल तर तो ‘कच्चा लिंबू’, त्याला बाद करावयाचे नाही. हे नियम कोणी लिहून दिलेले नसतात. भांडणे होतात, नाही असे नाही. चिडका गडी दांडू घेऊन घरी जातो. पण दुसऱ्या दिवशी तोच परत येतो, कारण एकट्याला खेळ खेळता येत नाही. सतत खोटे खेळणाऱ्या पोराला कोणी शिक्षा करीत नाही, त्याला फक्त कोणी आपल्या बाजूला घेत नाही. मला वाटते, नीती माणसाला प्रथम जर कोठे भेटत असेल तर ती या बोळात भेटते.

दुसरी गोष्ट कबड्डीची, आणि ती मी मुद्दाम क्रीडाशिक्षकांनाच विचारली. चढाई करणाऱ्याचा हात बचाव करणाऱ्या गड्याला निसटता लागला, तर ते सर्वांत आधी कोणाला कळते? पंचाला नव्हे. ज्याला लागला त्याला. पंच दहा हातांवर उभा असतो, त्याच्यापुढे धूळ असते, सात जणांची झटापट असते. त्याला ते दिसेलच असे नाही. ज्याच्या अंगाला बोट लागले त्याला मात्र शंका नसते. आपल्याकडे जुन्या खेळाडूंत असे गडी होते की, पंचाने काही म्हणण्याआधी स्वतःच हात वर करून बाहेर जात. क्रीडाशिक्षक स्वतः तसेच खेळत असत, हे त्यांच्याबरोबर खेळलेल्यांनी मला सांगितले आहे. मी म्हटले, ‘सर, तुम्ही हात वर करीत होता तो पंचाच्या भीतीने? पंचाने तर पाहिलेच नव्हते.’ ते हसले आणि म्हणाले, ‘पांडुरंग बघत होता ना!’ मी म्हटले, ‘मग समोरच्या संघातल्या ज्या गड्याने हात वर केला नाही, तोही माळकरीच होता. त्याच्याकडे कोण बघत होते?’ यावर ते काही बोलले नाहीत, आणि मीही फार ताणले नाही.

येथे एक शास्त्रीय आधार सांगण्यासारखा आहे. बी.एड. करताना आम्हांस झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचे नाव परीक्षेपुरते पाठ करावे लागले. त्यांचे मुलांच्या नीतिविचारावरील पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झाले. त्याचा आरंभ चक्क गोट्यांच्या खेळापासून आहे. पियाजे जिनिव्हा आणि न्यूशातेल येथील मुलांत जाऊन बसत आणि त्यांना विचारीत, ‘हे नियम कोणी केले? ते बदलता येतील का?’ लहान मुलांची उत्तरे अशी असत की, नियम वडिलांनी केले, थोरामोठ्यांनी केले, देवाने केले, ते पहिल्यापासून असेच आहेत आणि बदलता येणार नाहीत. दहा-बारा वर्षांची मुले मात्र सांगत की, नियम मुलांनीच केले, आणि सर्वांनी कबूल केले तर बदलता येतील. येथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. नियम अपौरुषेय आणि अबाधित मानणारी ती लहान मुले प्रत्यक्ष खेळताना नियम पाळीतच नव्हती. प्रत्येकजण आपल्याच तंत्राने खेळे आणि शेवटी सर्वच जिंकले असे म्हणे. नियम आपणच केले आहेत हे जाणणारी मोठी मुले मात्र ते बारकाईने पाळीत.

वाचकांनी या निरीक्षणावर थोडे थांबून विचार करावा. नियम देवाचा आहे असे म्हणणे आणि नियम पाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशाचा तर हा अनुभवच आहे. येथे नियमांना जेवढे दैवी उगम सांगितले गेले तेवढे क्वचित कोठे सांगितले गेले असतील. पुरुषाच्या मुखातून कोण, बाहूंतून कोण, मांड्यांतून कोण आणि पायांतून कोण, हे सांगून झाल्यावर ‘हा नियम कोणाच्या फायद्याचा आहे’ असे विचारण्याची सोयच उरत नाही. माणसाने केलेल्या नियमाला माणूस विचारू शकतो. देवाने केलेल्या नियमाला विचारणे हेच पाप ठरते. म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याचा एक अर्थ असा की, हे नियम माणसांनी केले आहेत आणि माणसे ते मोडू शकतात, एवढे तेथे सर्वांसमक्ष सांगितले गेले. चौदार तळ्याचे पाणी पिण्याने कोणी अमर होणार नव्हते हे तेथे जमलेल्यांना ठाऊक होते.

क्रिकेटचेच पाहा. इंग्लंडात पूर्वी चार चेंडूंचे षटक असे. १८८९ साली ते पाच चेंडूंचे झाले, १९०० साली सहाचे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे षटक टाकीत. पायचीतचा नियम १७७४ साली आला आणि त्यानंतर कितीदा तरी सुधारला गेला. नियम बदलले म्हणून खेळ बुडाला असे कोणी म्हटले नाही. पंचही माणूसच, तो चुकतो आणि यजमान देशाचा असला तर त्याच्यावर संशयही येतो. म्हणून १९९४ पासून कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे नेमण्याची पद्धत पडली. २००८ साली भारत-श्रीलंका मालिकेत पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोयही करून पाहण्यात आली. माझ्या मित्राच्या दृष्टान्तात नेमकी हीच जागा रिकामी राहते. वरच्या पंचाच्या निर्णयावर दाद कोठे मागावयाची? ज्या पंचाने एका घरात जन्मलेल्याला जन्मतःच बाद ठरविले, त्याच्याविरुद्ध कोणत्या खेळाडूने काय करावयाचे होते?

पण येथे विज्ञानाच्या बाईंनी जी शंका काढली ती मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, ‘नियम माणसांनी केले एवढ्याने ते न्यायाचे होतात काय? माणसे तर आपल्यापुरतेच नियम करतात.’

या शंकेला माझ्याजवळ एका क्रिकेटपटूचीच गोष्ट होती. पळवणकर बाळू हे नाव आज शाळेतल्या पोरांना माहीत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. जन्म १८७६. जातीने चांभार. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकणे हे त्यांचे काम. डाव्या हाताची मंदगती गोलंदाजी अशी की, पुण्याच्या हिंदूंना त्यांना आपल्या संघात घेतल्याशिवाय गत्यंतर राहिले नाही. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात चहाच्या वेळी संघ आत बसे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडू एकच. तो बाळूंच्या बोटांतून निघे, ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हातात जाई, पुन्हा बाळूंकडे येई. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता! मैदानाच्या आत माणसांनी केलेला समान नियम होता आणि सीमारेषेपासून चार पावलांवर दुसरा नियम सुरू होत होता. पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले, पण तोवर बाळूंचे खेळावयाचे दिवस सरले होते.

यावरून बाईंची शंका खरी ठरते. टोळीपुरती नीती ही नीतीच नव्हे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. त्यात त्यांनी हा मुद्दा फार स्पष्टपणे घेतला आहे. चोरांच्या टोळीतही आपसांत प्रामाणिकपणा असतो, व्यापाऱ्यांच्यातही असतो, जातीच्या आत तर असतोच. पण ती नीती बाहेरच्या माणसाचे काय करावयाचे ते सांगत नाही. म्हणून केवळ नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सर्वांसाठी एकच असली पाहिजे, असे बाबासाहेब म्हणतात. पवित्र हा शब्द वाचून काहींना वाटते की, येथे देव मागच्या दाराने आत आला. तसे नाही. नीतीला पावित्र्य हवे ते दुबळ्याच्या रक्षणासाठी. बलवानाला सोयीचे वाटेल तेव्हा तिला बाजूला सारता येऊ नये यासाठी. धर्मात देवाला जे स्थान, ते धम्मात नीतीला आहे, हा त्या ग्रंथातला विचार याच अर्थाने घ्यावयास हवा. आणि ही नीती उगम पावते ती माणसाला माणसावर प्रेम करण्याची जी गरज आहे तिच्यातून. देवाला खूश करण्यासाठी नव्हे.

आता नशिबाकडे वळतो, कारण खेळात देव बहुधा नशिबाच्या रूपानेच शिरतो. फलंदाज डावा पॅड आधी बांधतो. एखादा जिंकलेल्या दिवशीचाच सदरा पुन्हा घालतो. आमच्या शाळेच्या संघातील एक चांगला चढाईपटू, बौद्ध घरातला, दंडाला काळा दोरा बांधूनच उतरतो. हे कोठून येते? बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यातल्या भुकेल्या कबुतरांना ठराविक वेळाने आपोआप दाणे मिळत. कबुतर काहीही करो वा न करो, दाणे येत. तरीही आठांपैकी सहा कबुतरांना एकेक लकब लागली. दाणे आले तेव्हा जे योगायोगाने गोल फिरत होते ते गोल फिरू लागले, दुसरे मान एका कोपऱ्याकडे झटकू लागले, जणू त्यामुळेच दाणे येत होते. दोऱ्याचे मूळ एवढेच आहे. त्या पोराची थट्टा मी करीत नाही. त्याला एवढेच विचारतो की, दोरा बांधून हरलास त्या सामन्यांची वही ठेवली आहेस काय? अद्याप त्याने ठेवलेली नाही.

दोरा दंडावर असेपर्यंत थट्टेवारी नेता येते. परंतु तोच दोरा गळ्यात पडतो तेव्हा काय होते ते आमच्या कचेरीतल्या तरुण मित्राचे झाले. मुलगी आपल्याच समाजातली, शिकलेली, दोघांनी एकमेकांना पसंत केलेले. त्याच्या घरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या घरी बुद्धमूर्ती. आणि तरीही मुलीच्या मामाने गुपचूप पत्रिका दाखवून आणली आणि मंगळ निघाला म्हणून बोलणे मोडले. तोंडाने कारण दुसरेच सांगितले गेले, कारण मंगळ म्हणावयाची लाज वाटत होती. ज्या लाजेने खरे कारण लपवावे लागले, तिच्यात थोडी तरी आशा आहे असे मला वाटते. त्या तरुणाला मात्र ती पुरली नाही. तीन महिने त्याचे कामात लक्ष नव्हते.

पत्रिकेची परीक्षा महाराष्ट्रातच झालेली आहे आणि ती प्रत्येक विहारात वाचून दाखविण्यासारखी आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसह, २००८ च्या सुमारास ती घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले अशा दोनशे मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना त्यांतील चाळीस-चाळीस पत्रिका पाठवून एवढेच विचारले की, यांतील हुशार कोणती आणि मतिमंद कोणती ते सांगा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांची बरोबर आलेली उत्तरे सरासरीने शेकडा ४६ भरली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर शेकडा ५० च्या आसपास बरोबर आली असती! ज्या विद्येला मुलगा हुशार की मतिमंद हे ओळखता येत नाही, तिला दोन तरुण माणसांचा संसार सुखाचा होईल की नाही हे कळते, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. नाणे उडविण्याइतकीच खात्री ज्या गोष्टीची आहे, तिच्याविषयी प्रश्न विचारणे या महाराष्ट्रात इतके महाग पडते.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला जो उपदेश केला त्यात खेळ, नाती आणि पूजा ही तिन्ही एकत्र आली आहेत. राजगृहाजवळ ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी तो सहा दिशांना नमस्कार करीत होता. वडिलांनी मरताना सांगितले म्हणून करीत होता. बुद्धांनी त्याला द्यूताचे सहा तोटे सांगितले. जिंकणाऱ्याविषयी वैर उत्पन्न होते. हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो. आहे ते धन जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र त्याचा तिरस्कार करतात. आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. यांत परलोकातली शिक्षा एकही नाही हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक तोटा या जगातला, डोळ्यांना दिसणारा, शेजाऱ्याला विचारून पडताळता येणारा आहे. आज मोबाइलवर पैसे लावून खेळणाऱ्या पोरांच्या आयांना विचारा, सहाच्या सहा तोटे त्या क्रमाने सांगतील.

आणि दिशा? बुद्धांनी सिगालला नमस्कार थांबव असे म्हटले नाही. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण, असे त्याला सांगितले. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये सांगितली. मुलाने बापाचे करावे तसे बापानेही मुलाचे करावे. धन्याने कामकऱ्याला त्याच्या ताकदीप्रमाणेच काम द्यावे, वेळेवर अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, वेळेवर सुटीही द्यावी. एकतर्फी नमस्काराच्या जागी दुतर्फी कर्तव्य आले. माझ्या मते यापेक्षा मोठी क्रांती त्या काळी दुसरी झाली नसेल, आणि ती इतक्या शांतपणे झाली की सिगालचा अपमानही झाला नाही.

पण हे वाचून काही मंडळी सोयीचा अर्थ काढतात. म्हणतात, बुद्धांनीच जर नमस्कार मोडला नाही, तर आमच्या घरातले नवस आणि सत्यनारायण तुम्ही का मोडता? येथे फरक करावयास हवा. सिगालने कोणतीही प्रतिज्ञा घेतलेली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि ज्यांच्या मुलांनी नातवंडांनी त्या आपल्या म्हणून उच्चारल्या, त्यांनी शब्द दिलेला आहे. शब्द देवाला दिलेला नाही, एकमेकांना दिलेला आहे. बोळातल्या क्रिकेटमध्ये कौलांवर चेंडू गेला तर बाद असे ठरले असेल, तर शेजारच्या गल्लीत तसा नियम नाही हे सांगून चालत नाही. माझे वारकरी मित्र पंढरीला जातात तेव्हा ते स्वतःशी प्रामाणिक असतात. पत्रिका गुपचूप दाखविणारा तो मामा मात्र खोटे खेळला. दोघांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

क्रीडाशिक्षकांचा सर्वांत भक्कम मुद्दा अद्याप राहिला आहे. ते म्हणाले, ‘तुमचे विज्ञान चेंडू हवेत का वळतो ते सांगेल. पण पडलेल्या विरोधी खेळाडूला हात देऊन उठवावे, हे विज्ञान कोठे सांगते?’ हे त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. बाईंनीही केले. विज्ञानाने लस दिली आणि विज्ञानानेच ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाही दाखविले. काय आहे ते विज्ञान सांगते, काय करावे ते माणसाला ठरवावे लागते. केवळ प्रज्ञा पुरत नाही, तिला शील आणि करुणा यांची जोड लागते, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. पण विज्ञान जेथे थांबते तेथून देव सुरू होतो, हे मात्र त्यातून निघत नाही. रिकाम्या जागेत ज्याला जे हवे ते बसविता येते, आणि ज्याच्या हाती बळ असते त्याचेच तेथे बसते.

यासंबंधी तेविज्ज सुत्त वाचावे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण मित्र. अचिरवती नदीच्या काठी फेऱ्या मारता मारता त्यांचा वाद लागला. ब्रह्माकडे जाण्याचा सरळ मार्ग कोणाच्या गुरूचा खरा? वाद मिटेना, तेव्हा ते भांडत न बसता दोघे मिळून बुद्धांकडे गेले, हे मला विशेष आवडते. बुद्धांनी विचारले, तुमच्या आचार्यांनी, त्यांच्या आचार्यांनी, सात पिढ्यांतल्या कोणी ब्रह्माला समोर पाहिले आहे काय? नाही. मग जिला कधी पाहिली नाही, जिचे नाव, वर्ण, गाव माहीत नाही अशा सुंदरीवर माझे प्रेम आहे असे म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावे? पूर आलेल्या नदीच्या अलीकडच्या काठावर उभे राहून पलीकडच्या काठाला ‘ये इकडे’ म्हणून हाका मारणाऱ्याला काय म्हणावे? एवढे विचारून झाल्यावर त्यांनी त्या तरुणांना रिकाम्या हातांनी परत पाठविले नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांनी मन कसे भरावे ते सांगितले. आमच्यातले काही बुद्धिवादी पूर्वार्ध तेवढा पाठ करतात आणि उत्तरार्ध सोडून देतात. त्यांच्या घरी पाहुणा दुसऱ्यांदा जात नाही.

मग देव मानणाऱ्या मित्राशी वाद घालावा की घालू नये? सिगालला सांगितलेली मित्राची लक्षणे येथे उपयोगी पडतात. उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि अनुकंपा बाळगणारा, हे चार खरे मित्र. यांत ‘आपल्याच मताचा’ हे लक्षण नाही. उलट खोट्या मित्रांत एक खुशमस्कऱ्या आहे. तो वाईटालाही होय म्हणतो, चांगल्यालाही होय म्हणतो, तोंडावर स्तुती करतो आणि पाठीमागे निंदा करतो. तेव्हा संबंध बिघडतील म्हणून मित्राच्या समजुतीविषयी गप्प राहणे आणि घरी येऊन तिला हसणे, ही मैत्री नव्हे. मी क्रीडाशिक्षकांशी वाद घालतो तो त्यांच्या समोर घालतो, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्या माळेची थट्टा कोणी केली तर मला खपत नाही.

एक प्रश्न मात्र त्यांनी मला अशा वेळी विचारला की, तेथे वाद नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ अपघातात गेला. दहाव्या दिवसानंतर आम्ही कट्ट्यावर बसलो असता ते म्हणाले, ‘तुम्ही म्हणता तसे वर कोणी नसेल, तर मी आईला काय सांगू? ती म्हणते देवाने नेला. तेवढ्यावर तिचा दिवस निघतो.’ मी त्यांना म्हटले, आज आईला काही सांगू नका, तिच्याजवळ बसा. आणि मग किसा गोतमीची गोष्ट सांगितली, ती त्यांना माहीत नव्हती. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या बाईला बुद्धांनी अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. मूल तुझ्या देवाने नेले असेही सांगितले नाही. ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, एवढेच सांगितले. मोहरी प्रत्येक घरी होती. द्यावयासही कोणी नाही म्हटले नाही. प्रत्येक दारात बायका बाहेर आल्या, आपापल्या घरातली गेलेली माणसे सांगू लागल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिला ते स्वतःच कळले.

क्रीडाशिक्षकांनी ती गोष्ट आईला सांगितली की नाही, ते मी विचारलेले नाही. पुढच्या आषाढीला ते नेहमीप्रमाणे वारीला गेले. जाताना संघाच्या चाव्या आणि दोन गरीब पोरांच्या फीचे पैसे माझ्याकडे ठेवून गेले.